मार्चपर्यंत थांबू

मास्तर,

माझी बायको गेली. तुम्हाला हे सांगायचं राहून गेलं, कारण ती गेली तेव्हा तुम्हाला जाऊनच सहा वर्षं झाली होती. तुम्ही तिचा पहिला आजार पाहिलात. दुसरा पाहिला नाहीत. दुसरा म्हणजे आजार तोच, नऊ वर्षांनी परत आलेला. तो मी एकट्यानं पाहिला आणि त्याच्याबद्दल कोणाशी तरी बोलावं असं वाटत राहिलं. लोकांशी बोललं की लोक हळहळतात. तुम्ही कधी हळहळला नाहीत. तुम्ही हातातलं काम न थांबवता ऐकायचात, मधेच एखादा प्रश्न विचारायचात, आणि त्या प्रश्नानं माणूस दोन दिवस अस्वस्थ राहायचा. मला तसं ऐकणारं माणूस पाहिजे होतं. लिहायला बसलं की माझी भाषा शाळेतल्यासारखी होते. समोर असतात तर आपल्या रोजच्या बोलीत बोललो असतो. चालवून घ्या.

तुमच्या दुकानात मी एकोणिसाव्या वर्षी आलो. हिंगणघाटात तेव्हा मिलचे भोंगे ऐकून लोक घड्याळ लावत आणि मिलमधल्या माणसांचे शर्ट-पँट आपल्याकडे शिवायला येत. पहिली दोन वर्षं तुम्ही मला कात्रीला हात लावू दिला नाही. काज, बटन, तुरपाई. एकदा मी तुम्हाला न विचारता एका पँटच्या पायाची मोहरी अर्ध्या इंचानं आत घेतली, कारण मला ती तशी चांगली दिसत होती. तुम्ही रागावला नाहीत. सगळी शिलाई उसवून माझ्यासमोर ठेवलीत आणि म्हणालात, "पँट कोनाची हाये? घालनार कोन हाये?" एवढंच. मी त्यातून पँटबद्दल काय शिकायचं ते शिकलो. बाकीचं शिकायला मला वेळ लागला.

पंच्याण्णव सालच्या जानेवारीत तिच्या छातीत गाठ निघाली. ती एकतीस वर्षांची, पोरगी तिसरीत. वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की गाठ काढून तपासू, पसरलेली असली तर ती बाजू पूर्ण काढावी लागेल, इथे सही करा. तिचा भाऊ केळझरहून आला होता. तो म्हणाला, "तिले कायले सांगता भाऊजी, आधीच घाबरून हाये." मलाही ते पटलं. मी सही केली. तिला एवढंच सांगितलं की गाठ काढायची आहे. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला नर्स आली, तेव्हा बायकोनं छातीला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाटेच्या पायाशी उभा होतो, हातात मोसंबी होती. त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नर्सशी बोलायची, भावाशी बोलायची, पोरीला भेटायला आणलं की तिच्याशी हसायची. मी समोर आलो की भिंतीकडे पाहायची.

बाराव्या दिवशी मी अर्धा दिवस दुकानात आलो होतो. तुम्ही टेबलावर कापड पसरून खडूनं रेघा मारत होतात. मी सांगितलं, ती बोलत नाही. तुम्ही विचारलंत, "काऊन?"

"मी सही केली म्हून."

"सही कराच्या आधी तिले इचारलं होतं?"

मी म्हटलं, "नाई. घाबरली असती."

तुम्ही खडू खाली ठेवलात. मी तुमच्याकडे काम करत होतो तेवढ्या वर्षांत रेघ अर्धी सोडून तुम्ही खडू ठेवलेला मी पाहिला नव्हता. "गिऱ्हाइकाची पँट एक इंच आखूड कराची असली तं आपन इचारतो त्याले," तुम्ही म्हणालात. "अन् तुनं बायकोचं अंग काढलं, तिले इचारलं नाई?"

मी त्याच दिवशी चारच्या एसटीनं गेलो. वार्डात तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "मी तुले इचाराले पाह्यजे होतं. मास्तरबी तसंच म्हणाले." तिनं मान वळवली. "मास्तर म्हणाले म्हून आले का?" ती म्हणाली. अकरा दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. मी खरं ते सांगितलं, हाव म्हटलं. ती म्हणाली, "मंग मास्तरचं रोज ऐकत जा."

घरी आल्यावर तिनं सगळं हळूहळू हातात घेतलं, स्वयंपाक, धुणं, माझ्यासाठी तुरपाई. सलाईनमधून द्यायच्या औषधांसाठी सहा महिने वर्ध्याला जाणंयेणं चाललं. केस गेले, परत आले. पण ती उजव्या खांद्यावरून पदर ओढून घ्यायची ते सोडेना. तिचे ब्लाऊज गल्लीतली एक बाई शिवायची. तिच्याकडे माप द्यायला जायला बायको तयार नव्हती. जुने ब्लाऊज एका बाजूनं लोंबायचे. मी जेन्ट्स शिवणारा माणूस, मला ब्लाऊजची कटिंग येत नव्हती. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, रविवारी दुकान बंद असते, तिले घेऊन ये.

तो रविवार मला अजून दिसतो. तुम्ही अर्धं शटर ओढलं आहे. ती स्टुलावर बसली आहे, पदर दोन्ही हातांनी धरून. तुम्ही टेप माझ्या हातात देता आणि म्हणता, "माप तू घे. मी पाठ करून उभा राह्यतो. आकडे सांग, मी लिवतो." तुम्ही भिंतीकडे तोंड करून वही धरून उभे राहता. मी टेप लावतो, आकडा सांगतो, तुम्ही लिहीत नाही. "परत घे," म्हणता. मी परत घेतो. तुम्ही न वळता म्हणता, "तिनं श्वास धरून ठेवला असन. श्वास सोडू दे तिले, मंग घे." आणि खरंच तिनं श्वास धरून ठेवलेला होता. तुम्हाला भिंतीकडे पाहून ते कसं कळलं ते मी कधी विचारलं नाही.

तुम्ही खाकी कागदाचा फर्मा कापून दिलात, डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. आतून एक पिशवी लावायची ठरली. मी तिच्यात कापूस भरला, आपल्या गावात कापसाला काय तोटा. पण दोन तासांत ती बाजू वर चढायची. तुम्ही म्हणालात, नुसत्या कापसानं होत नाही, वजन पाहिजे, कापसाच्या आत मोहरी भर. मग ते बरोबर बसलं. ती आरशासमोर उभी राहिली, हात वर केले, खाली केले, वाकून पाहिलं, आणि पदर सरळ घेतला. त्या पावसाळ्यात एक पिशवी धुऊन आतल्या दोरीवर टाकली होती. तीन दिवस ऊन नव्हतं. चौथ्या दिवशी पाहतो तर शिवणीतून मोहरीचे हिरवे कोंब बाहेर आलेले. मी ती हातात घेऊन उभा राहिलो, काय करावं सुचेना. ती आली, तिनं पाहिलं, आणि खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पोरगी शाळेतून आली तर तिलाही सांगेना, नुसती हसत होती. आजारानंतर ती तशी पहिल्यांदा हसली. मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही "आधी तव्यावर भाजून घ्याची मोहरी" एवढंच म्हणालात.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. तुमच्या पुतण्यानं दुकान मलाच चालवायला दिलं. तयार कपडे येऊ लागले होते, मिलचं काम कमी झालं, म्हणून मी लेडीजही शिवायला लागलो, आणि बायका माझ्याकडे यायला लागल्या, कारण माझे ब्लाऊज अंगाला नीट बसतात असं त्या म्हणत. ते कोणाच्या मापावर शिकलो हे मी कोणाला सांगितलं नाही. तिला वर्षातून एकदा तपासायला न्यायचो. पाच वर्षं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता काही त्रास वाटला तरच या. आम्ही तो दिवस साजरा वगैरे केला नाही. एसटी स्टँडवर भजी खाल्ली आणि परत आलो.

दोन हजार चारचा जानेवारी. पोरगी बारावीला होती, सायन्स. संक्रांत होऊन आठेक दिवस झाले असतील. दुपारी तीनच्या सुमाराला बायको दुकानात आली. ती दुकानात कधी यायची नाही. स्टुलावर बसली, पाणी मागितलं, प्यायली. मग म्हणाली, "पाठ दुखून राह्यली."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

मी गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. दिवाळीपासून म्हणजे जवळजवळ तीन महिने. मला कळलं, आणि मला कळलं आहे हे तिलाही कळलं. मी म्हणालो, "दवाखान्यात दाखवा लागन."

"पोरीची बारावी हाये," ती म्हणाली. "मार्चमध्ये पेपर सरतीन. मंग जाऊ." मी टेबलावरचा टेप गुंडाळायला लागलो. ती म्हणाली, "आता माहा दवाखाना सुरू झाला तं पोट्टी काय वाचन? मागच्या खेपेले तुमी मले इचारलं नाई. या खेपेले मी सांगून राह्यली. ऐका."

मला तुमची आठवण झाली. खडू खाली ठेवलेला तो दिवस आठवला. मी म्हणालो, "ठीक हाये. मार्चपर्यंत थांबू."

ते दोन महिने घरात आम्ही दोघं चोरासारखे वागलो. पाण्याच्या बादल्या मी उचलायला लागलो. पोरीनं विचारलं तर आई म्हणायची, तुझ्या बाबाले आता बुद्धी सुचली. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या मी आणायचो, वेगवेगळ्या दुकानांतून. पोरगी अभ्यासाला बसली की ती तिच्याजवळ भिंतीला टेकून बसायची, पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून, वर शाल. पोरगी मोठ्यानं जीवशास्त्र वाचायची, पेशी कशा वाढतात, कशा दुभंगतात. ही ऐकत बसायची. एकदा मी आत आलो तेव्हा ती मला म्हणाली, "चांगलं वाचते जी ही, समजते माणसाले." मी परत बाहेर गेलो.

शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वर्ध्याला गेलो. मणक्यात तीन जागी आणि खुब्याच्या हाडात आजार निघाला. डॉक्टरीणबाई नवीन होत्या, चाळिशीच्या असतील, शांतपणे बोलणाऱ्या. त्यांनी यावेळी दोघांना समोर बसवून सांगितलं. आजार हाडात गेला की तो मुळातून जात नाही, पण दुखणं कमी करता येतं, दिवस वाढवता येतात. बायकोनं विचारलं, "किती?" बाई म्हणाल्या, "कोणाला वर्ष मिळतं, कोणाला तीन. आकडा मी सांगणार नाही." बायकोनं मान हलवली. बाहेर पडताना मी मागे राहिलो आणि विचारलं, जानेवारीत आणलं असतं तर? त्यांनी फाईलकडे पाहिलं. "दोन महिन्यांनी फार फरक पडला नसता," त्या म्हणाल्या. मी आभार मानले. एसटीत बसल्यावर मला त्या वाक्यातला "फार" ऐकू आला.

पुढचे एकोणीस महिने कसे गेले हे मी तुम्हाला सांगू शकतो, पण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. पहिल्यांदा बिजलीचा शेक, म्हणजे रेडिएशन दिलं, दहा दिवस, त्यानं दुखणं उतरलं. मग गोळ्या, इंजेक्शनं. दुकान मी अकराला उघडायचो आणि चारला बंद करायचो. तिला न्हाणीत स्टुलावर बसवून आंघोळ घालायला शिकलो. भाकरी शिकलो, पहिले दोन महिने ती जाड यायची. ती खाटेवरून सांगायची, "हात ओला करा, घाबरू नका, ते काई तुमचं कापड नोय बिघडाले." दर महिन्याला तिचे ब्लाऊज बाजूंनी आत घ्यावे लागत. मी टेप लावायचो आणि डॉक्टरांच्या आधी मला कळायचं. एकदा मी आकडा वहीत लिहायला गेलो तर ती म्हणाली, "लिवू नका. ध्यानात ठेवा." त्यानंतर लिहिला नाही. ध्यानात आहेत, सगळे. आमचं भांडणही व्हायचं. औषध कडू म्हणून ती थुंकायची, मी ओरडायचो, मग ती म्हणायची, "मेली म्हंजे कोनावर ओरडसान?" आणि मी म्हणायचो, गिऱ्हाइकांवर. ती बाहेर बसलेल्या बायकांना हे सांगायची.

पोरीला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कळलं. शेजारची एक बाई बोलण्याच्या ओघात बोलून गेली की तुझ्या आईची पाठ तर मागच्या दिवाळीपासून दुखत होती, माझ्याकडून बाम नेत होती. पोरगी दुकानात आली. ती तेव्हा वर्ध्याला कॉलेजात जायची, पाठीवर बॅग तशीच होती. तिनं विचारलं, "बाबा, तुमाले जानेवारीतच माहीत होतं?"

"हाव."

"माह्या पेपरसाठी थांबले?"

मी म्हणालो, "तुह्या आईनं सांगतलं होतं."

"आईनं सांगतलं अन् तुमी ऐकलं?" ती म्हणाली. "मले कोनी काऊन नाई इचारलं? मी पेपर पुढल्या वर्षी दिला असता."

तुमचाच प्रश्न होता तो, पोरीच्या तोंडून. एका माणसाला विचारलं की दुसऱ्याला विचारायचं राहून जातं, हे तुम्ही शिकवलं नव्हतं. ती सात-आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. आईवर गेली आहे. शेवटी आईनंच तिला खाटेजवळ बसवलं. मी न्हाणीत कपडे धूत होतो, मला ऐकू येत होतं. "त्यायच्यावर राग नोको धरू," ती सांगत होती. "जिंदगीत एकडाव मले इचारलं, एकडाव माह्यं ऐकलं. ते तरी राहू दे माह्यापाशी." पोरगी रडली. मी नळ मोठा केला.

ती दोन हजार पाचच्या ऑक्टोबरमध्ये गेली, सकाळी, साडेआठच्या सुमाराला. पोरगी तिच्या पायांना तेल लावत होती. मी चहा गाळत होतो. पोरीनं "बाबा" अशी हाक मारली आणि त्या हाकेतच कळलं. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि आत गेलो. शेवटच्या आठवड्यात तिला फार दुखलं नाही, डॉक्टरीणबाईंनी तेवढी व्यवस्था केली होती. तेराव्याला गावातली बरीच माणसं आली. तिचा भाऊ सगळ्यांना सांगत होता की भाऊजीनं बाईसारखी सेवा केली, तिच्या शब्दाबाहेर गेले नाही. पोरगी आता सिंदीला शाळेत शिकवते, तिचं लग्न झालं. तीही जावयाला कधी कधी सांगते, माझ्या बाबांनी आईचं ऐकलं होतं, तिची इच्छा होती तसं केलं. तिनं ते तसं लावून घेतलं आहे. मी मान हलवतो. गल्लीतही माझं नाव तसंच झालं आहे.

हे पत्र टाकायला जागा नाही, मास्तर. पत्ता लिहायचा तर याच दुकानाचा लिहावा लागेल, आणि ते मलाच येऊन मिळेल. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवीन किंवा ठेवणारही नाही. पण लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी, आणि ती मी इतका वेळ टाळत आलो. पोरीला ती सांगितली नाही. तुम्हालाही तोंडानं सांगितली असती की नाही, ठाऊक नाही.

त्या दुपारी ती दुकानात आली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती. स्टुलावर बसताना तिनं ती मांडीवर घेतली. पिशवीच्या तोंडातून दवाखान्याची जुनी फाईल दिसत होती, आणि वर घडी घातलेला टॉवेल. तीन वाजले होते, वर्ध्याची एसटी चारला होती. ती मार्च म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली, बराच वेळ. मी फाईल पाहिली होती. तिला परत विचारलं नाही, कारण तो वार्ड मला परत पाहायचा नव्हता, आणि ती मार्च म्हणाल्याबरोबर मला हलकं वाटलं होतं.